दोन कबुल्या, एक वस्तरा

१

फौजदारबाई दुकानात शिरल्या तेव्हा पहिली खुर्ची रिकामी होती. खुर्चीखालच्या फरशीवर साबणाचा फेस आणि रक्त एकमेकांत मिसळून गुलाबी झालं होतं. आरशासमोरच्या फळीवर ब्रश, वाटी, तुरटी सगळं जागच्या जागी होतं. नव्हता तो फक्त वस्तरा.

"वस्तरा कुठाय?" बाईंनी विचारलं.



दुकान मामांचं. तसे ते कुणाचेच सख्खे मामा नव्हेत, पण अख्खी गल्ली त्यांना मामाच म्हणायची. ज्यांची पहिली दाढी त्यांनी केली त्यांच्या नातवांच्या डोक्यावरूनही आता त्यांचीच कात्री फिरत होती. सकाळी नेहमीप्रमाणे याच खुर्चीत वकील बसले होते. दाढी अर्ध्यावर आली आणि त्यांचा गळा हनुवटीखाली चिरला गेला. डॉक्टर त्यांना आपल्याच गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेले. जिवंत होते, पण शुद्धीवर नव्हते.

बाई निघायच्या आधीच वकिलांच्या बायकोचा फोन ठाण्यात आला होता. "अपघात-बिपघात काही नाही," वकीलीणबाई ओरडत होत्या. "मामांना दुकान खाली करायला लावणारा दावा हे चालवतायत. तेव्हापासून ती सगळी माणसं ह्यांना पाण्यात पाहतात. त्या जावयानं तर कोर्टाच्या आवारात सांगितलं होतं, एक दिवस तुमचा गळा धरीन म्हणून!"

तो जावई दुसऱ्या खुर्चीपाशी उभा होता. हातात केस कापायचं मशीन, तेही बंद. मागे मामांची लेक घडी केलेले टॉवेल उलगडून पुन्हा घडी करत होती. आणि मामा भिंतीला टेकून उभे. बाह्या कोपरापर्यंत लाल झालेल्या. डॉक्टर येईपर्यंत जखमेवर टॉवेल दाबून धरला होता त्यांनी, सोडलाच नव्हता.

बाईंना हे सगळं अवघड जात होतं. त्यांच्या वडिलांची दाढी मामाच करत. शेवटच्या दुखण्यात तर मामा घरी येऊन, उशीला उशी लावून, फुलाला हात लावावा तशी करून जात. पण वर्दी अंगावर असताना असल्या आठवणी काढायच्या नसतात.

"मामा, काय झालं?"

"हात घसरला, बाई," मामा म्हणाले. "वय झालं. लेकीला, जावयाला काही विचारू नका. चूक माझी, शिक्षा मला."

"ठीक आहे. मग वस्तरा कुठे ठेवलात?"

मामांनी फळीकडे हात केला. बोटं वाटीवरून, तुरटीवरून चाचपत गेली आणि रिकाम्या जागी थांबली. त्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं बाईंनी स्पष्ट पाहिलं. वस्तरा गायब झालाय हे मामांना आत्ता कळत होतं.

२

मामांना ठाण्यात बसवून बाई परत दुकानात आल्या. समोरच्या शिंप्यानं तोवर शिपायाला सांगून टाकलं होतं, की आरडाओरडा झाला तेव्हा जावई दुकानातून बाण सुटावा तसा पळत सुटला होता.

"पळालास का?" बाईंनी जावयाला विचारलं.

"डॉक्टरांना आणायला! कोपऱ्यावरच तर दवाखाना आहे. फोन लावून 'हॅलो हॅलो' करत बसायची वेळ होती का ती?"

हे पडताळून पाहणं सोपं होतं. डॉक्टर सांगतीलच.

"गळा धरीन म्हणाला होतास."

जावयानं मान खाली घातली. "म्हणालो होतो. जीभ आहे, घसरते. पण बाई, गळा धरणारा माणूस डॉक्टर आणायला पळतो का?"

"पळतो कधीकधी. दाखवायला." बाई दुसऱ्या खुर्चीत बसल्या. "आता मला आठवून सांग. पहिल्यांदा काय पाहिलंस?"

"पाहिलं नाही, आधी ऐकलं. माझी पाठ होती त्यांच्याकडे, मी ट्रिमर साफ करत होतो. ठक्क असा आवाज झाला. वकिलांचा पाय पायटेकणीवरून सुटून बूट फरशीवर आपटला. म्हणून मी आरशात बघितलं. वकील खुर्चीत खाली घसरत होते. मामा त्यांच्यावर वाकलेले. गळ्यावर पांढराशुभ्र फेस. आणि मग बघता बघता लाल झाला तो."

"वस्तरा कुणी उचलला?"

"देवाशपथ माहीत नाही. मी त्या वस्तऱ्याला हात लावत नाही. दगड भिजवा, घासा, चामड्याच्या पट्ट्यावर ओढा... मी म्हणतो, पाकिटातलं पातं काढा, लावा, फेकून द्या. यावरून घरात रोज खडाजंगी असते आमची."

"म्हणजे वस्तरा बंद पडला तर तुझं फावेल."

जावयाचा चेहरा उतरला. तो काहीतरी बोलणार होता, पण बाईंचं लक्ष आरशाखालच्या खणाकडे गेलं होतं. त्यांनी तो ओढला. आत एक लाकडी पेटी, आणि पेटीत धार लावायचा दगड. विटेच्या आकाराचा, पण तिच्यापेक्षा पातळ, करड्या रंगाचा आणि तळहातासारखा गुळगुळीत.

मामांनी ठाण्यात एक गोष्ट सांगितली होती. वस्तरा दगडाला लावून आठवडा उलटला, त्यानंतर फक्त पट्ट्यावर ओढतोय.

बाईंनी दगडावर बोट टेकवलं. बोट ओलं झालं.

३

"मी लावली धार."

बाई वळल्या. मामांची लेक टॉवेलांच्या पिंपापाशी उभी होती. तिनं वाकून पिंपात खांद्यापर्यंत हात घातला आणि पंच्यात गुंडाळलेला वस्तरा काढून बाईंच्या हातात दिला. पात्यावर साबण आणि रक्त तसंच वाळलेलं होतं.

"बाबांना सोडा. त्यांचा हात घसरणं शक्य नाही. वस्तराच खराब होता. मी केला खराब."

जावई आ वासून बायकोकडे बघत राहिला.

"तू? धार?" तो म्हणाला. "कधी?"

"तुम्ही जेवून पेंगता तेव्हा."

मग तिनं सगळं सांगितलं. मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. दाढी ते बोटांनी करत, गाल चाचपून. तिथं डोळ्यांचं फारसं काम नव्हतं. पण धार नीट लागली का हे बोटांना कळत नाही, ते बघावंच लागतं. एकदा तिनं त्यांना दिव्याखाली वस्तरा धरून नुसतंच डोळे बारीक करताना पाहिलं. त्यांना काही विचारलं असतं तर त्यांनी दुकानच बंद केलं असतं. म्हणून ती गप्प बसली आणि दुपारी मामा आडवे झाले की दगड काढू लागली. आजच तेवढं सकाळी, दुकान उघडायच्या आधी, घाईत केलं.

"घाईत काहीतरी चुकलं असणार. टोकाशी धार दुमडली असेल, नाहीतर कपची उडाली असेल. तीच रुतली. गोंधळ झाला तेव्हा मी भीतीनं वस्तरा लपवला. मला अटक करा."

 एका गुन्ह्याला दोन कबुल्या. एकमेकांना वाचवणारी माणसं खोटं बोलतात, हे त्यांना नव्यानं शिकायचं नव्हतं. पण ही पोरगी खोटं बोलत नव्हती. जे बोलत होती ते तिला खरं वाटत होतं.

"मला दाखव," बाई म्हणाल्या. "कशी लावतेस ते. हा नको, दुसरा वस्तरा घे."

लेकीनं हात पुसले. दगड वाटीतल्या पाण्यात बुडवला, त्यातून बुडबुडे यायचे थांबेपर्यंत तसाच ठेवला, मग ओल्या फडक्यावर मांडला. खणातून जुना वस्तरा काढला आणि तो दगडावर आडवा निजवला.

"पाठ आणि धार, दोन्ही दगडाला टेकलेली हवीत. पाठ उचलली की संपलं. आता धार पुढे. दगडाचा पापुद्रा काढायचाय असं समजून ढकलायचा. पातं दगडाच्या रुंदीपेक्षा लांब, म्हणून तिरका. टाचेपासून, म्हणजे मुठीकडून सुरुवात आणि टोकाशी शेवट, म्हणजे सगळ्या पात्याला सारखा दगड मिळतो."

वस्तरा पुढे गेला. शेवटाला तिनं तो धार न टेकवता पाठीवर पालथा केला आणि दुसऱ्या बाजूनं मागे आणला. कुठेही घासल्याचा आवाज नाही, नुसतं हलकं सुस्स.

"जोर किती द्यायचा?"

"द्यायचाच नाही. त्याचं वजन त्याला पुरतं."

बाईंनी हात पुढे केला. "मला दे बरं." त्यांच्या हातात वस्तरा दगडावर करकरला, अडखळला. दोन फेऱ्यांत पाठ उचलली गेली. लेकीच्या चेहऱ्यावर एवढ्या सगळ्यातही हसू येऊन गेलं. "जोर देताय, बाई."

"नोकरीच तशी आहे. बरं, धार लागली हे कळतं कसं?"

"दिव्याखाली धरायचा, धार डोळ्यांकडे करून. जिथे चमकेल तिथे धार नाही. बोथट जागेवर उजेड थांबतो. खरी धार दिसतच नाही."

बाईंनी पंच्यातला वस्तरा पुढे केला. "मग हा बघ."

लेकीचा हात मागे गेला. "मला नाही बघवत."

"पुसून धर. तूच बघ. मला तुझ्याकडूनच ऐकायचंय."

शिपायानं आधी फोटो काढून घेतला. मग लेकीनं कोमट पाण्यानं पातं धुतलं, टिपलं आणि दिव्याखाली धरलं. टाचेपासून टोकापर्यंत डोळे फिरवले. मग परत. मग तिसऱ्यांदा. तिनं डोक्याचा एक केस उपटून धारेवर सोडला. केसाचे दोन तुकडे झाले आणि खाली पडले.

"बाई," ती चाचरत म्हणाली, "यात तर काहीच खोट नाही."

४

वस्तरा निर्दोष निघाला. म्हणजे आता सगळा भार मामांच्या हातावर आला. बाई दवाखान्याच्या पायऱ्या चढू लागल्या. लेकीला वाचवायला जाऊन आपण बापाला अडकवलं की काय, असं त्यांच्या मनात येत होतं.

डॉक्टरांनी पहिल्याच वाक्यात जावयाला मोकळं केलं. "तो धापा टाकत आला म्हणून वकील वाचले. तो, आणि ते म्हातारबुवा. असा टॉवेल दाबून धरला होता की माझ्या नर्सलाही जमलं नसतं."

"जखम कशी आहे?"

"आखूड आणि सरळ. कडा इतक्या स्वच्छ की टाके घालताना कौतुक वाटलं. बोथट पातं असतं तर कातडी फाटली असती, टाके नीट बसले नसते."

"हात घसरून अशी जखम होईल?"

डॉक्टरांनी हवेत वस्तरा फिरवून पाहिला. "हात घसरला तर पातं सरकत जाईल. लांब ओरखडा येईल, तिरका. इथे पातं जागच्या जागी होतं आणि... कसं सांगू? गळाच त्याच्यावर येऊन टेकला आणि पातं लगेच काढून घेतलं गेलं."

बाई जागीच थांबल्या. सकाळपासून सगळे हात आणि पात्याच्याच मागे होते. गळ्याला कुणी काही विचारलंच नव्हतं.

"डॉक्टर, ते शुद्धीवर आलेत?"

"गाडीतच डोळे उघडले होते, मग टाक्यांसाठी गुंगी दिली, ती मघाशी उतरली. पण वाटलं तेवढं रक्त गेलं नव्हतं हो. एवढ्यानं माणूस बेशुद्ध का व्हावा, हेच मला कळत नव्हतं. म्हणून हृदयाचं मशीन लावून ठेवलंय."

खाटेवर वकील उशांना टेकून बसले होते. गळ्याला पट्टी, छातीला वायरी. आणि एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर पांढरे खुंट. उशाशी वकीलीणबाई. बाईंना पाहताच त्या उसळल्या, "धरलंत का त्याला?"

"एक विचारू? साहेबांच्या कपाळावर हे टेंगूळ कसलं? आजचं दिसत नाही, पिवळं पडलंय."

"काही नाही," वकील घोगऱ्या आवाजात म्हणाले. "कपाटाचं दार लागलं."

"दार कसलं!" बायको म्हणाली. "कोर्टात जायची ती ताठ कॉलर लावताना पडलात तुम्ही. आरशासमोर. मी धावत आले तर म्हणे पाय अडखळला. उभ्या माणसाचा पाय अडखळतो कशात?"

"आणि कोर्टात?" बाईंनी विचारलं. "तिथे कधी अंधारी आली?"

वकिलांनी गळ्याची पट्टी चाचपली. सगळं आयुष्य दुसऱ्यांची उलटतपासणी घेण्यात गेलेला माणूस, त्याला उत्तर देणं जिवावर आलं. "एकदा," ते शेवटी पुटपुटले. "न्यायाधीशांकडे मान वळवून बघत होतो. क्षणभर. उकाडा होता."

बाईंच्या कानात जावयाचं बोलणं वाजत होतं. आधी ठक्क. मग आरसा. मग पांढराशुभ्र फेस. मग लाल. बूट पडला तेव्हा गळा चिरलेलाच नव्हता. वकील आधी बेशुद्ध झाले आणि मग गळा चिरला गेला.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "मामा गळ्याची दाढी नेहमी उलटी करतात, खालून वर; वडिलांची करताना पाहिलंय मी. धार हनुवटीकडे. दुसऱ्या हाताचा अंगठा जबड्याखाली, कातडी ताणायला. मान वळवलेली, वर केलेली. त्या अंगठ्याखाली काय असतं?"

 डॉक्टर खाटेपाशी गेले, नर्सला हाक मारली, औषधाची सुई तयार ठेवायला लावली. मग त्यांनी पट्टी नव्हती त्या बाजूला, वकिलांच्या जबड्याखाली दोन बोटं टेकवली आणि हलकेच दाबली.

मशीनचं टुक-टुक थांबलं.

पडद्यावरची रेघ सरळ झाली. वकिलांचे डोळे वर गेले, मान लुळी होऊन छातीवर पडली. वकीलीणबाईंनी किंकाळी फोडली.

५

डॉक्टरांनी बोटं केव्हाच काढली होती. पुन्हा टुक झालं. मग आणखी एक. वकिलांनी डोळे उघडले आणि विचारलं, "काय झालं? सगळे असे का बघताय?"

"तुमचा साक्षीदार बोलला," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी खाटेच्या कडेवर बसून समजावलं. गळ्यात एक जागा असते, तिथून हृदयाला निरोप जातो. काहींची ती जागा फाजील हळवी होते. ताठ कॉलर, वळलेली मान, दाढी करणाऱ्याचा साधा अंगठा, एवढ्यानंही हृदय थबकतं. छातीत एक छोटं यंत्र बसवलं की थबकणार नाही. "पण हे कळलं नसतं तर पुढच्या वेळी तुम्ही कुठे पडला असता कुणास ठाऊक. जिन्यात, रस्त्यात, गाडी चालवताना."

वकीलीणबाई मटकन खुर्चीत बसल्या. नवऱ्याचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला आणि रागावल्यासारख्या म्हणाल्या, "कपाटाचं दार म्हणे!" मग बाईंकडे वळून, खालच्या आवाजात, "तक्रार मागे घ्यायला कुठे सही करू?"

"दावा मात्र चालूच राहील," वकील म्हणाले. "तो माझ्या पक्षकाराचा आहे, माझ्या गळ्याचा नाही."

"तुम्ही आधी गप्प पडून राहा," बायको म्हणाली.

ठाण्यात मामा बाकावर ताठ बसून होते. समोरचा चहा गार झाला होता. बाई त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या आणि झालेलं सगळं सांगितलं. मामांनी दोनदा विचारलं, "म्हणजे ते आधीच...?" आणि बाईंनी दोनदा "हो" म्हटलं, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी मोठा श्वास सोडला आणि तो गार चहा एका दमात पिऊन टाकला.

"मामा, हात घसरला नव्हता हे तुम्हाला ठाऊक होतं."

"होतं."

"मग?"

"माझा हात नाही, तर मग वस्तरा. दुसरं काय असणार, असं वाटलं. आणि वस्तरा पोरीचा."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

मामा हसले. "डोळे गेलेत, कान आहेत. दगडावर माझा वस्तरा वेगळा वाजतो, तिचा वेगळा. मी झोपेचं सोंग घेऊन ऐकत पडायचो. तिचा माझ्यापेक्षा हलका वाजतो, बाई."

"तिला कधी बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर डोळ्यांचंही बोलावं लागलं असतं."

बाईंनीच त्यांना गाडीतून दुकानापर्यंत सोडलं. जावयानं फरशी धुऊन लख्ख केली होती. सासऱ्याला पाहताच तो पुढे आला, पाया पडायला वाकला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, मिठीच मारली. लेक जागची हलली नाही. दगड अजून तिच्या पुढ्यात फडक्यावर तसाच होता.

मामा चाचपत तिथपर्यंत गेले. दगडावरून हात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुठे खड्डा नाही, कुठे उंचवटा नाही. ज्यानं कुणी वापरला त्यानं सगळा दगड सारखा वापरला होता.

"वस्तरा चांगला होता," ते म्हणाले. "डॉक्टरांनी टाके घालताना कौतुक केलं म्हणे. माझ्या वस्तऱ्याचं आजवर कुणा डॉक्टरनं कौतुक केलेलं नाही."

"बाबा, तुम्हाला..."

"उद्यापासून दगड तुझा. माझ्या पाठीमागे नको, इथे, खिडकीपाशी, सगळ्यांच्या देखत. आणि मला त्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन चला एकदाचं. दोघंही मनात तेच म्हणताय ते ऐकू येतं मला."

सकाळपासून कोरड्या डोळ्यांनी उभी असलेली लेक आता दगडावर वाकून हमसाहमशी रडायला लागली. जावयाला काय करावं कळेना, तो टॉवेल शोधू लागला. मामांनी लेकीच्या खांद्याला धरून तिला हळूच मागे ओढलं.

"बाजूला हो गं, बाजूला हो," ते म्हणाले. "दगडाला गोडं पाणी लागतं. खारं चालत नाही."

आधी जावई फस्सकन हसला. मग रडता रडता लेक. फौजदारबाईंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि वकिलांच्या त्या खुर्चीत पाय पसरून, त्याही मनसोक्त हसल्या.